मागची चाकं तीस इंची

जीपला कोणत्या मापाचे टायर बसवायचे हे ठरवायला मला सतरा दिवस लागले. माझं लग्न चार दिवसांत ठरलं होतं, त्यामुळे या विलंबावर आमच्या घरात बराच काळ टीका होत राहिली. पण लग्नात एकच माणूस पसंत करायचा असतो आणि त्याचं मोजमापही कोणी घेत नाही. इथे टायर चार होते, प्रत्येकावर आकडे होते, आणि त्या आकड्यांबद्दल मत नसलेला माणूस लोणावळ्यात शोधून सापडला नसता.

मी हायस्कुलात गणित शिकवतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढे दुसरं कोणीतरी सांगेल, आणि हसून सांगेल.

जीप लष्कराच्या लिलावातली. युद्धावरून आलेली असावी. कोणत्या, ते तिच्याकडे बघून कळत नव्हतं. तिचं वैशिष्ट्य असं की इतर मोटारींत इंजिनाचा जोर मागच्या दोनच चाकांना मिळतो, हिच्यात तो चारी चाकांना देता येत असे. त्यासाठी गिअरच्या दांड्याशेजारी एक छोटी दांडी होती. ती ओढली की चारी चाकं कामाला लागत आणि गाडी चिखलातून, ओढ्यातून, म्हणाल तिथून निघे, असं लिलाव पुकारणारा म्हणाला होता.

आणि आमचा प्रश्न चिखलाचाच होता. माझी पत्नी चंपा जिल्हा परिषदेची नर्स. दर गुरुवारी टाकवे बुद्रुकला तिचा दवाखाना असे. एक खोली, एक टेबल, एक बाक, आणि बाहेर चाळीसेक माणसं. लोणावळ्याहून आगगाडीने कान्हे स्टेशन गाठायचं आणि पुढे चालत जायचं. उन्हाळ्यात ते जमे. पावसाळ्यात त्या वाटेवरचा चिखल चपला ठेवून घेई आणि माणूस तेवढा परत करी. आषाढात दोनदा दवाखाना अकराच्या ऐवजी साडेबाराला उघडला, कोणीतरी तक्रार केली, आणि पुण्याहून पत्र आलं. श्रावणातल्या दुसऱ्या गुरुवारी आरोग्य अधिकारी स्वतः टाकव्याला येतील. अकरा वाजता दवाखाना उघडा आढळला नाही, तर केंद्र बंद करण्यात येईल व परिचारिकेची बदली इंदापूर तालुक्यात करण्यात येईल.

चंपाला काळजी लागली ती टाकव्याच्या बायकांची. तिथल्या भागूबाईच्या सुनेला आठवा महिना होता आणि मुलांच्या लशी अर्ध्यावर होत्या. मला काळजी लागली, खोटं कशाला बोलू, माझी. मला पिठलं करता येतं. दुसरं काही येत नाही. शिवाय चंपा घरात नसली की मला ते घर आवडत नाही. हे मी तिला कधी सांगितलेलं नाही. इथे बेधडक लिहितो आहे, कारण ती विनोदी कथा वाचत नाही.

तर जीप आली. आली ती ढकलत आली, पण आली. तिचे चारी टायर इतके झिजले होते की आतले दोरे बाहेर डोकावत होते. मी तडक नूरमहंमदकडे गेलो. हमरस्त्यावर त्याचं टायरचं दुकान होतं. घाट चढून आलेले ट्रक त्याच्याकडे थांबत आणि घाट उतरणारे त्याच्याकडे बघून मनातल्या मनात नमस्कार करत. त्याने जीपभोवती एक फेरी मारली, प्रत्येक टायरला अंगठा लावून पाहिला आणि म्हणाला, "मास्तर, सहाशे सोळा. चारी सारखे. याच्यापुढे डोकं चालवू नका."

सहाशे सोळा म्हणजे टायर सहा इंची आणि आतली लोखंडी रिंग सोळा इंची. हे त्याने मला समजावून सांगितलं. एका गणिताच्या शिक्षकाला! ते मी ऐकून घेतलं. पण डोकं चालवू नका हे वाक्य मला लागलं. ज्या माणसाचा तोच व्यवसाय आहे त्याला असं सांगू नये.

नूरमहंमदकडे त्या मापाचा एकही टायर नव्हता. त्या वर्षी टायरची टंचाई होती आणि नवे टायर परमिटवर मिळत. परमिट देणारं एक ऑफिस होतं. त्याचं नाव मी घेत नाही, कारण माझा एक अर्ज अजून तिथे आहे.

तिथल्या कारकुनाने मला एक छापील नमुना दिला. मी तो भरला. त्याने वाचला आणि वरचा आकडा खोडला.

"चार टायर मिळणार नाहीत. दोन मिळतील."

"पण गाडीला चार चाकं आहेत."

"गाडीला दोन चाकं असतात," तो शांतपणे म्हणाला आणि त्याने खिडकीबाहेर बोट दाखवलं. आवारात सहा बैलगाड्या सुटलेल्या होत्या. "हा नमुना रबरी धावांच्या बैलगाडीचा आहे. मोटारीचा नमुना संपला. दिवाळीनंतर येईल."

"मग मी काय करू?"

"दोन-दोन करून न्या. यंदा पुढची, पुढच्या वर्षी मागची."

मी मान डोलावली. तेवढ्यात त्याचं बोट आणखी एका रकान्यावर थांबलं. 'बैलांची संख्या'. तिथे मी रेघ मारली होती. रकाना मोकळा ठेवता येत नाही, असं तो म्हणाला. मी शून्य लिहू लागलो, तर म्हणाला, शून्य बैल म्हणजे गाडी बंद, मग टायर कशाला? शेवटी त्यानेच माझ्या हातातलं पेन घेऊन 'दोन (आजारी)' असं लिहिलं आणि शिक्का मारला. पुढे तीन वर्षं मला गुरांच्या लशीच्या सूचना पोस्टाने येत होत्या.

अशा रीतीने दोन कोरे सहाशे सोळा घरी आले. उरलेल्या दोन चाकांचा प्रश्न राहिला. नूरमहंमद म्हणाला, "महिनाभर थांबा, सहाशेची जोडी शोधून देतो. आत्ता माझ्याकडे फक्त सातशे सोळाची जुनी जोडी आहे. एका ट्रेलरची. पण ती तुम्हाला चालायची नाही."

महिनाभर थांबायला वेळ होता कुठे? साहेब यायला बारा दिवस राहिले होते. मी घरी येऊन वही काढली.

सोळा इंचांची रिंग, वर सहा, खाली सहा. अठ्ठावीस इंच व्यास. त्याला बावीस सप्तमांशांनी गुणलं की परीघ अठ्ठ्याऐंशी इंच. पूर्णांकात! एक कणही बाकी नाही. मला इतकं बरं वाटलं की मी दोन वेळा करून पाहिलं. मग सातशे सोळा. सोळा, सात आणि सात, तीस इंच. तिसाला साताने भाग जात नाही. उत्तर आलं चौऱ्याण्णव पूर्णांक दोन सप्तमांश. ते जुने टायर मला पहिल्यापासूनच पटले नाहीत ते या दोन सप्तमांशांमुळे. पण नाइलाज होता. आता प्रश्न एवढाच की मोठी जोडी पुढे की मागे?

हा प्रश्न मी मनातच ठेवायला हवा होता. सकाळी दूध घालायला येणाऱ्या चिमाबाईने तो ऐकला आणि दुपारपर्यंत आमच्या अंगणात सल्लागार जमले. हनुमंत शिंप्याने लांबूनच एक डोळा मिटून पाहिलं आणि सांगितलं की मोठी मागे घातली तर पुढून झोल येईल. पोस्टातले एक गृहस्थ म्हणाले, मोठी डावीकडे घाला, रस्त्याची डावी बाजू नेहमी खचलेली असते. त्यांच्या म्हणण्यात काहीतरी होतं, पण उजवीकडे वळल्यावर काय, याचं उत्तर त्यांच्याजवळ नव्हतं. एका आजोबांनी टायर न घालताच चालवून बघा असं सुचवलं.

शेवटी शेजारचे महिपतराव उठून उभे राहिले. त्यांचं नाव महिपती, पण रेल्वेतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला नुसतं नावाने हाक मारायची लोणावळ्यात कोणाची छाती नाही. बोरघाट चढताना आगगाडीला मागून ढकलायला एक जादा इंजिन लावतात. त्याला बँकर म्हणतात. महिपतराव एकवीस वर्षं त्या बँकरवर होते, आणि जगातल्या कोणत्याही विषयाचं उत्तर त्यांना त्या बँकरवरून दिसत असे.

"मास्तर, घाटात गाडी कोण चढवतं?" त्यांनी विचारलं.

"इंजिन."

"कोणतं? पुढचं? अहो, पुढचं शोभेला असतं. हार त्याला, नाव त्याला. मागून बँकर ढकलतो म्हणून माणसं पुण्याला पोचतात. तुमच्या गाडीची चारी चाकं चालतात ना? म्हणजे पुढे इंजिन आणि मागे बँकर. मग बँकर मोठा नको?"

मी वहीकडे पाहिलं, जीपकडे पाहिलं. यात खोट कुठे काढायची? ज्याने निम्म्या मुंबईला मागून ढकलत वर आणलं, त्याच्यासमोर मी बापडा बावीस सप्तमांश घेऊन काय बोलणार? ठरलं. मोठी जोडी मागे.

नूरमहंमदने ऐकलं आणि हातातला पाना खाली ठेवला. "मास्तर, बसवायला मला अर्धा तास पुरेल. पण हात धजत नाही. चारी चाकांची गाडी आहे ही. चारी सारखे पाहिजेत."

"का?" मी विचारलं.

"का ते मला सांगता येणार नाही. पण पाहिजेत."

कारण सांगता येत नसेल तर उत्तर चूक धरावं, असं मी वीस वर्षं मुलांना शिकवत आलो होतो. मी आग्रह धरला. त्याने सुस्कारा सोडून टायर बसवले आणि एवढीच विनंती केली की कोणी विचारलं तर दुकानाचं नाव सांगू नका.

जीप दिसायला काही वाईट दिसत नव्हती. मागून उंच, पुढून खाली. कोणाच्यातरी पाया पडायला वाकलेली वाटे. चंपाने तिला दारातून पाहिलं आणि विचारलं, "ही रस्त्यावर काही शोधतेय का?" मी तिकडे दुर्लक्ष केलं. भुशीच्या रस्त्याने मी दोन चकरा मारून आलो. गाडी झकास चालली. छोटी दांडी मात्र मी ओढली नाही. ती खऱ्या चिखलासाठी राखून ठेवली. चांगली वस्तू रोज वापरू नये, हे आमच्या घरातलं वळण.

गुरुवार उजाडला. चंपाचा बेत नेहमीच्या आगगाडीने जायचा होता. पहाटे निघाली असती तर ती दहाला टाकव्यात असती. हे ती त्या दिवशी एकदा म्हणाली आणि त्यानंतर कितीदा म्हणाली ते मी मोजलं नाही. पण मी तिला जाऊ दिलं नाही. जीप कशासाठी घेतली मग? ती लशींची पेटी मांडीवर घेऊन बसली. दोन दिवस पावसाने उघडीप दिली होती, लख्ख ऊन पडलं होतं, डांबर कोरडं ठणठणीत होतं. कामशेत मागे पडलं. सव्वानऊला आम्ही कान्हे फाट्यावरून टाकव्याच्या रस्त्याला वळलो.

चिखल पुढे, रेल्वेच्या फाटकापलीकडे सुरू होत होता. पण चिखलात शिरल्यावर तयारी करणारा माणूस मी नव्हे. मी फाट्यावरच, चांगल्या डांबरावर, छोटी दांडी ओढली.

"काय केलंत?" चंपाने विचारलं.

"चारी चाकं लावली."

पहिली शंभर पावलं काही झालं नाही. मग स्टिअरिंग जड झालं. मग गाडी कुंथू लागली. टायर कुईकुई करायला लागले आणि तळातून कोणीतरी दात खात असल्यासारखा आवाज येऊ लागला. मला वाटलं, इंजिनाला सवय नाही, होईल. मी आणखी ॲक्सिलरेटर दाबला. गाडीने दोन उड्या मारल्या आणि तिसऱ्या उडीनंतर ती बंद पडली. ती जिथे बंद पडली तिथे आमच्या चाकांखाली रेल्वेचे रूळ होते.

आम्हाला ओळखणारा फाटकवाला हातात लाल झेंडा घेऊन धावत आला. "मास्तर, गाडी काढा! मालगाडी यायची हाय!"

मी छोटी दांडी मागे लोटली. ती हलेना. दोन्ही हातांनी लोटली. सिमेंटमध्ये रोवल्यासारखी घट्ट. गिअर सोडून दिला, ब्रेक सोडला. फाटकापाशी खोळंबलेली सातआठ माणसं जीपला भिडली आणि ढकलायला लागली. जीप हातभर पुढे जाई आणि सगळ्यांनी दम घेतला की आपली आपण वीतभर मागे येई. हे त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं.

"बिरेक काडा की वो!" एकजण ओरडला.

"काढलाय."

"मंग ही कुनाच्या इचारानं थांबलीय?"

फाटकवाला केबिनमध्ये धावला, फोन फिरवला, आणि मालगाडी सिग्नलला थांबवून आला. मग त्याने एक जाडजूड वही उघडली. अडथळ्याचा प्रकार कोणता, असा तिच्यात प्रश्न होता आणि उत्तरं तीनच होती: गुरे, बैलगाडी, दगड. तो माझ्याकडे बघत पेन्सिल चावत राहिला. 'बैलगाडी' लिहा, मी म्हणालो. सरकारदरबारी तीच नोंद होती.

चंपाने पेटी सावरली. ती खाली उतरली. रुळांच्या पलीकडे टाकव्याच्या भागूबाईची बैलगाडी परतीला उभी होती. चंपा पेटी घेऊन तिकडे गेली.

"भागूबाई, मला अकराच्या आत पोचवाल का?"

"बसा बाई. बैल म्हातारं हायती, पर वाट त्यांच्या पायाखालची हाय."

गाडी निघाली. चंपाने एकदा मागे वळून पाहिलं. राग असता तर मला सोसला असता. पण तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, भीती होती. इतक्या वर्षांत मी ती पाहिली नव्हती. या क्षणी मला कोणी बैलाच्या जागी जुंपलं असतं तरी मी धावलो असतो.

दहाच्या सुमाराला माझ्या मागे एक काळी मोटार येऊन उभी राहिली आणि भोंगा वाजवू लागली. तीतून टाय लावलेले एक जाडसर गृहस्थ उतरले. "ही गाडी कोणाची? हे काय चाललंय? मला अकरा वाजता टाकव्याला हजर राहायचं आहे!"

कोण ते मला ताबडतोब कळलं. मी कोण ते मात्र त्यांना माहीत नव्हतं, आणि ते तसंच राहावं असं मला मनापासून वाटलं.

तेवढ्यात गर्दीतून कोंडू लोहार पुढे आला. त्याची भट्टी फाटकाला लागूनच होती. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी पट्टी चढवतात, तिला धाव म्हणतात. ती तापवून चढवायची असते, त्यामुळे चाकाचा घेर आधी सुतळीने काटेकोर मोजावा लागतो. कोंडूचा सगळा जन्म त्यात गेला होता. जीप ढकलणाऱ्यांकडे त्याने लक्षच दिलं नाही. तो उकिडवा बसून पुढचं चाक पाहत होता, मग मागचं. मग त्याने कमरेची सुतळी काढली, पुढच्या टायरभोवती गुंडाळून गाठ मारली, तीच मागच्या टायरभोवती धरली.

"आठ बोटं," तो म्हणाला.

"काय आठ बोटं?" साहेबांनी विचारलं.

"मागलं चाक आठ बोटं जास्त हाय. मास्तर, पुढलं चाक पंधरा फेरं मारंल तवा मागलं चौदा. समद्यास्नी एका दांडीनं बांधल्यालं. मोठा म्हनतो मी म्होरं पळतो, बारका म्हनतो मी न्हाई येत. चिकलात कोन तरी घसरून समजूत काढतं. हितं डांबर. कोन घसरंल? पीळ बसला पोटात."

मी मनात गुणाकार केला. अठ्ठ्याऐंशी गुणिले पंधरा, तेराशे वीस. चौऱ्याण्णव पूर्णांक दोन सप्तमांश गुणिले चौदा, तेराशे वीस. तंतोतंत! मालगाडी खोळंबलेली, साहेब तापलेले, बायकोची नोकरी जायची वेळ, आणि मला त्या उत्तराचा आनंद झाला. मग हळूहळू दुसरी गोष्ट लक्षात आली. हे दोन्ही आकडे बारा दिवस माझ्या वहीत एकाखाली एक होते. मी त्यांचा गुणाकार केला, भागाकार केला, अपूर्णांकावर नाक मुरडलं. वजाबाकी तेवढी केली नव्हती.

कोंडूने एक लाकडी ओंडका आणि पहार आणवली. चौघांनी मिळून मागचा एक कोपरा उचलला. चाक जमिनीवरून सुटलं मात्र, आणि कोणी हात न लावता ते गर्रकन अर्धा फेरा फिरलं! जमलेल्या बायका किंचाळल्या. साहेब दोन पावलं मागे सरले. "सुटला पीळ," कोंडू म्हणाला. मी दांडीला हात लावला तर ती लोण्यातून सुरी जावी तशी मागे गेली. जीप रुळांवरून ढकलून काढली, मालगाडी निघून गेली, आणि तिच्या ड्रायव्हरने जाता जाता माझ्याबद्दल जे म्हटलं ते आवाजात बुडालं हे बरं झालं.

"आता चिकल लागंस्तवर दांडी वढू नगा," कोंडूने बजावलं. "चिकलात वढली तर चालंल. अन् घरी गेल्यावर जोडी सारकी करा." मी त्याचे हात धरले. त्याच आठवड्यात मी नूरमहंमदला जाऊन सगळं कबूल केलं आणि त्याने सहाशेची जोडी मिळवून दिली. महिपतरावांना विचाराल तर सारखी चाकं घालायचा सल्ला पहिल्यापासून त्यांचाच होता.

इकडे साहेबांची मोटार फाटक ओलांडून पुढे धावली आणि पन्नास पावलांवर चिखलात दारापर्यंत रुतली. मी हळूच जीप शेजारी नेली. साहेबांनी जीपकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. अकराला दहा कमी होते. मनाविरुद्ध ते माझ्या शेजारी चढले. मी छोटी दांडी ओढली, देवाचं नाव घेतलं, आणि खरं सांगतो, ती जीप त्या चिखलातून अशी निघाली की मला रडू यायचं बाकी राहिलं. म्हैस पाण्यातून चालावी तशी संथ, पण थांबली नाही.

"तुम्ही टाकव्याला कशाला निघालात?" साहेबांनी विचारलं.

"औषधाला," मी म्हणालो.

"दिसतंच आहे."

टाकव्यात पोचलो तेव्हा अकरा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. दवाखाना उघडा होता. बाहेर रांग, आत चंपा सुई हातात घेऊन उभी, जणू सकाळपासून हलली नाही. साहेबांनी रांगेला विचारलं, "बाई किती वाजता आल्या?"

भागूबाई पदर सावरत म्हणाली, "बाई व्हय? त्या कवाच्याच आल्यात की. आमीच उशिरा आलो." रांगेतल्या चाळीस माना हलल्या.

साहेब खूष झाले. रजिस्टर पाहिलं, लशी पाहिल्या, आणि मोठ्या अक्षरांत शेरा लिहिला: 'केंद्र चालू ठेवावे. परिचारिका तत्पर.' मग माझ्याकडे वळून चंपाला म्हणाले, "मला यायला उशीर झाला तो या गृहस्थांमुळे. रेल्वेच्या रुळांवर गाडी घालून बसले होते!"

चंपाने मला नखशिखांत पाहिलं. "असतात बाई काही काही माणसं," ती म्हणाली.

परत निघताना साहेबांना औदार्य सुचलं. नर्सबाईंनी चिखलातून कशाला जायचं, या गृहस्थांनी त्यांनाही स्टेशनपर्यंत सोडावं. चंपाने मान खाली घातली. "नको साहेब. परक्या माणसाच्या गाडीत कसं बसायचं?"

"मी आहे ना," साहेब म्हणाले. "माणूस वेंधळा आहे, पण सज्जन दिसतो. बसा."

अशी माझी बायको साहेबांच्या जबाबदारीवर माझ्या जीपमध्ये मागे बसली. वाटेत मी आरशातून दोनदा बघितलं. दोन्ही वेळा ती डोंगर पाहत होती.

कान्ह्याला साहेबांची मोटार बैलांनी ओढून काढली होती. साहेब उतरले, मला पुन्हा रुळांवर न थांबण्याची ताकीद दिली आणि गेले. मी दांडी मागे लोटली, दोनदा तपासली. चंपा उतरून पुढे येऊन बसली. आम्ही फाटा ओलांडला. मला माफी मागायची होती, पण सुरुवात कुठून करावी ते सुचत नव्हतं.

"अहो," ती म्हणाली, "मी दवाखान्याचं कुलूप काढलं तेव्हा किती वाजले होते माहीत आहे?"

"किती?"

"सव्वाअकरा. भागूबाईचे बैल ओढ्यावर पाणी प्यायला थांबले ते थांबलेच."

मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. "म्हणजे साहेब वेळेवर पोचले असते तर—"

"तर त्यांना कुलूप दिसलं असतं. तुम्ही रुळांवर अडकलात म्हणून मी वाचले." असं म्हणून तिने माझ्या हातावर हात ठेवला, दिवसाढवळ्या, हमरस्त्यावर. "मला नव्हतं हो इंदापूरला जायचं."

मलाही तेच म्हणायचं होतं. पण तिच्याकडून कौतुक ऐकायची मला सवय नाही, आणि ते चालून आलेलं बघून माझी मान आपोआप ताठ झाली.

"मी हिशोब करूनच थांबलो होतो," मी म्हणालो.

चंपा हसायला लागली. कामशेत गेलं, लोणावळा आलं, तरी ती हसतच होती.